भूकंपानंतर डोंगरी नद्यांचे पूर का वाढतात?

मे महिना उजाडला की मुंबईत नालेसफाईचे आकडे यायला लागतात. किती टन गाळ निघाला, खरंच निघाला की वजनकाट्याच्या पावत्यांवरच निघाला, यावर दरवर्षी तोच वाद. वादामागचं गणित मात्र खरं आहे. नाल्याच्या तळाशी गाळ बसला की पाऊस गेल्या वर्षीइतकाच पडूनही पाणी रस्त्यावर येतं. हिमालयातल्या नदीचं मोठ्या भूकंपानंतर हेच होतं. फक्त तिथला गाळ मिनिटभराच्या हादऱ्यात डोंगरांवरून सुटतो, तो कोट्यवधी घनमीटरांत मोजावा लागतो आणि तो वाहून न्यायला नदीशिवाय कोणी नसतं. नदी तो नेतेही, पण तिच्या गतीने. त्यात चाळीस-पन्नास वर्षं सहज जातात.

भूकंप आणि पूर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हादऱ्याने फुटलेलं धरण येतं. तसं क्वचितच घडतं. भूकंपाने पाऊस वाढतो का, हा प्रश्नही दर वेळी कोणीतरी विचारतंच. नाही वाढत. भूजल हलतं, काही झरे आटतात, काही नवे फुटतात, ओढ्यांचं पाणी काही आठवडे वाढलेलं दिसतं, पण पुराच्या हिशेबात ते किरकोळ. खरा बदल नदीच्या पात्रात होतो आणि तो तीन टप्प्यांत धोका बनून येतो: काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत, मग पुढचे काही पावसाळे, आणि मग कित्येक दशकं. बातम्यांत पहिला टप्पा दिसतो. नुकसानीचा मोठा वाटा मात्र उरलेल्या दोन टप्प्यांत साचत जातो, तोवर भूकंपाचं नावही कोणी काढत नसतं.

डोंगरावर काय होतं

पावसाने कोसळणारी दरड बहुधा उताराच्या खालच्या अंगाला सुटते, कारण पाणी झिरपत तिथेच जमतं. भूकंपाची दरड बऱ्याचदा माथ्याजवळ सुटते. हादऱ्याच्या लाटा डोंगरात शिरल्या की शिखरं आणि डोंगरधारा पायथ्यापेक्षा जास्त हलतात. त्यामुळे दगड-मातीचा मोठा भाग सुटतो खरा, पण नदीपर्यंत पोहोचत नाही. तो मधल्या उतारावर आणि घळींत अडकून राहतो. जो भाग सुटलेला नसतो त्यालाही भेगा पडलेल्या असतात, झाडांची मुळं तुटलेली असतात. पुढच्या पावसाळ्यांचा माल तिथे तयार होऊन पडलेला असतो.

प्रमाण कळावं म्हणून चीनच्या सिचुआन प्रांतातला वेनचुआनचा भूकंप घेऊ. १२ मे २००८, तीव्रता ७.९, मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ८७ हजार माणसं. सुरुवातीच्या नकाशांत ५६ हजारांहून जास्त दरडी मोजल्या गेल्या. पुढे अधिक बारीक उपग्रहचित्रांवरून मोजणी झाली तेव्हा आकडा दोन लाखांच्या जवळ गेला. त्यातल्या आठशेहून जास्त दरडींनी कुठली ना कुठली नदी किंवा ओढा अडवला होता. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर सुमारे २५ हजार दरडी नोंदल्या गेल्या.

पहिला टप्पा: नदी अडते

अरुंद दरीत मोठी दरड आडवी पडली की तिच्यामागे तलाव भरायला लागतो. अशा बांधाला सांडवा नसतो, पाणी न झिरपू देणारा मातीचा गाभा नसतो, दाबून बसवलेले थर नसतात. सुटे दगड, रेती आणि चिखल यांचा तो ढिगारा असतो. पाणी बांधाच्या सर्वांत सखल जागेवरून पलीकडे वाहायला लागतं आणि तिथूनच तो कापला जातो. कापलं की वाट खोल होते, खोल झाली की जास्त पाणी येतं, जास्त पाणी आलं की आणखी वेगाने कापलं जातं. सुरुवात संथ असते, शेवट काही तासांत उरकतो. आतून पाणी झिरपून पोखरला जाऊन बांध खचतो, असंही होतं, पण माथ्यावरून पाणी जाऊन फुटण्याचे प्रसंग कितीतरी जास्त.

अशा ७३ बांधांच्या एका जुन्या, बऱ्याचदा वापरल्या जाणाऱ्या हिशेबात २७ टक्के पहिल्याच दिवशी फुटले होते, ४१ टक्के आठवड्याच्या आत, निम्मे दहा दिवसांत आणि ८५ टक्के वर्षाच्या आत. म्हणजे यंत्रणेच्या हातात पहिला आठवडाच असतो. पण उरलेले १५ टक्के विसरूनही चालत नाही. काश्मीरच्या पाकव्याप्त भागात ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपाने हट्टियान बाला इथे बनलेला बांध चार पावसाळे टिकला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये जोराच्या पावसात फुटला. ताजिकिस्तानातला १९११ च्या भूकंपाचा उसोई बांध तर अजून उभा आहे, पाचशे मीटरांहून उंच, मागे सारेझ तलाव घेऊन.

वेनचुआनच्या भूकंपातला सर्वांत धोक्याचा बांध तांगजियाशानचा. सुमारे दोन कोटी घनमीटरांचा ढीग, जागोजागी ८२ ते १२४ मीटर उंच. या बांधाचा हिशेब प्रत्येक जलसंपदा अभियंत्याने एकदा मांडून पाहावा असा आहे. नदीचा येवा, म्हणजे तलावात येणारं पाणी, सेकंदाला साधारण १०० घनमीटर धरा. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे रोज ८६ लाख घनमीटरांची भर. २९ दिवसांत होतात सुमारे २५ कोटी घनमीटर, आणि भूकंपानंतर बरोबर २९ व्या दिवशी, १० जूनला, तलाव रिकामा झाला तेव्हा साठा तेवढ्याच्या आसपास होता. मुंबईला पाणी देणारा मोडकसागर पूर्ण भरला की त्यात जेमतेम १३ कोटी घनमीटर मावतात. असे दोन मोडकसागर, सुट्या मातीच्या बांधामागे.

मग पंप लावून उपसायचं नाही का? मुंबईच्या पर्जन्यजल उदंचन केंद्रांतला एक मोठा पंप सेकंदाला ६ घनमीटर उचलतो. नुसत्या येव्याशी बरोबरी करायलाच असे सतरा पंप लागले असते. शिवाय ते पंप पाणी काही मीटरच वर उचलतात, इथे डोंगराएवढा बांध पार करायचा होता. रस्ते तुटलेले, वीज नाही. तिथे वेगळा आणि शहाणपणाचा मार्ग निवडला गेला. हेलिकॉप्टरने यंत्रं उतरवून बांधाच्या माथ्यावर सुमारे ४७५ मीटर लांबीचा चर खणला आणि माथा बारा मीटरांच्या आसपास खाली आणला. फुटणं टळणार नव्हतंच. पण पाणी बारा मीटर आधीच वाहायला लागलं, तर फुटताना मागे साठा कितीतरी कमी असतो. ७ जूनला चरातून पाणी सुरू झालं, तीन दिवस रटाळपणे वाहत राहिलं आणि १० जूनला चर एकदम रुंदावून विसर्ग सेकंदाला ६,५०० घनमीटरांवर गेला, म्हणजे जवळपास २ लाख ३० हजार क्युसेक. खालच्या भागातली अडीच लाखांहून जास्त माणसं आधीच हलवलेली होती. पुरात कोणी दगावलं नाही.

इतकी तयारी नसली की काय होतं ते आपल्या उपखंडाने पाहिलेलं आहे. १८४०-४१ च्या हिवाळ्यात नंगा पर्वताच्या कुशीतून भूकंपाने सुटलेल्या दरडीने सिंधू अडली. ती सहा महिने भरत राहिली आणि जून १८४१ मध्ये सुटली तेव्हा शेकडो किलोमीटर खाली अटकजवळ तळ ठोकून असलेली शीख सेनेची छावणी वाहून गेली. १५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी आसाम-तिबेट सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. सुबनसिरी नदी दरडींनी अडली, आठ दिवसांनी बांध फुटला आणि सात मीटर उंचीच्या लाटेने ५३२ जीव घेतले. भूकंपातून वाचलेली माणसं आठवड्याने पुरात गेली.

उलट उदाहरण भूकंपाचं नाही, पण या कामासाठी मोलाचं आहे. २००४ साली तिबेटमध्ये दरडीने पारेछू नदी अडली. भारतीय यंत्रणांनी उपग्रहचित्रांतून तलावावर नजर ठेवली, आणि २६ जून २००५ ला बांध फुटून सतलजला मोठा पूर आला तेव्हा हिमाचलमधली काठची वस्ती हललेली होती. पूल आणि रस्ते गेले, माणसं राहिली.

दुसरा टप्पा: पुढचे पावसाळे

आता उतारावर लटकलेल्या मालाकडे येऊ. घळीत साठलेल्या सुट्या दगड-मातीत जोराचा पाऊस शिरला की ती पाण्यासह वाहायला लागते. इर्शाळवाडीला जुलै २०२३ मध्ये कोसळली ती दरड होती, कडा सुटून खालच्या वस्तीवर आली. हा प्रकार वेगळा. हा चिखल-दगडांचा लोंढा असतो. ओल्या काँक्रीटइतका घट्ट, घळीच्या वाटेने काही किलोमीटर धावणारा, घराएवढे धोंडे सहज तोलणारा. पावसाच्या ठिकाणापासून लांब, जिथे आभाळ अगदी स्वच्छ असतं, तिथेही तो येऊन धडकू शकतो.

लोंढ्यातलं गणित साधं पण फसवं आहे. घळीतून नुसतं पाणी सेकंदाला ५० घनमीटर येणार असेल आणि मिश्रणात निम्मा भाग दगड-माती असेल, तर एकूण प्रवाह १०० घनमीटर होतो. दगड-माती ६० टक्के झाली तर १२५. पाऊस तोच, घळ तीच, पण पूल, मोऱ्या आणि भिंती ज्या आकड्यावर बेतलेल्या असतात तो अडीचपटीने चुकतो. शिवाय लोंढा पाण्याच्या जवळपास दुप्पट जड असतो, त्यामुळे खांबांवरचा मार वाढतो तो वेगळाच.

त्यात ट्रिगर हलका झालेला असतो. भूकंपाआधी जितक्या पावसाने लोंढा सुटत नसे, तितक्यापेक्षा कमी पावसाने तो सुटतो. वेनचुआनच्या भूकंपाला चार महिने होत होते तेव्हा, सप्टेंबर २००८ मध्ये, बेइचुआन परिसरात लोंढे सुटले. त्यांच्या अभ्यासात तासाच्या पावसाचा उंबरठा भूकंपाआधीच्या मानाने पाव ते एक तृतीयांश खाली आलेला निघाला. आधी तासाला ४० मिलिमीटरला इशारा दिला जात असेल, तर आता २७ ते ३० ला द्यावा लागतो. जुनाच आकडा ठेवला की इशारा लोंढ्याच्या मागून येतो. तैवानमध्ये सप्टेंबर १९९९ च्या ची-ची भूकंपानंतर पुढच्या वादळांनी नद्यांमधून इतका गाळ आणला की तिथल्या अभ्यासकांसाठी तो एक मोजमापाचा प्रयोगच झाला. तिथे दरडींचं प्रमाण साधारण सहा वर्षांत पूर्वपदावर आलं.

लोंढा मुख्य नदीला मिळतो त्या जागी खरी गुंतागुंत सुरू होते. संगमाशी दगडांचा पंख्यासारखा ढीग पसरतो आणि नदी समोरच्या काठाकडे ढकलली जाते. १४ ऑगस्ट २०१० ला वेनचुआन परिसरातल्या यिंगश्यू गावापाशी हाँगचुन घळीतून आलेल्या लोंढ्याने मिन नदीचं पात्र अडवलं आणि नदी पलीकडच्या काठावर, भूकंपानंतर नुकत्याच बांधून झालेल्या नव्या वस्तीत शिरली. घरं भूकंपरोधक होती, मजबूत होती, नकाशे पास झालेले होते. पण नकाशात समोरच्या घळीचा विचार नव्हता. दोन वर्षांत उभं केलेलं पुनर्वसन गाळात बसलं.

घळींत आडव्या भिंती बांधून माल अडवायचा, हा नेहमीचा उपाय. तो कामी येतो, पण कशाने बिघडतो ते माहीत हवं. भिंतीमागची जागा भूकंपाआधीच्या मालाच्या अंदाजावर बेतलेली असते. एका पावसाळ्यात ती भरते, उपसायला यंत्र वर पोहोचत नाही, पुढचा लोंढा भिंतीच्या माथ्यावरून उडी मारून तिचा पाया खोदतो. वरची भिंत गेली की तिच्यामागचा सगळा साठा खालच्या भिंतीवर येतो, आणि मग ओळीने भिंती जातात. अशा वेळी लोंढा भिंती नसत्या तर जेवढा आला असता त्याहून मोठा येतो. म्हणून भिंत बांधण्याआधी तिथवर उपशाचा रस्ता आहे का हे पाहायचं असतं, आणि आपल्याकडच्या निविदांत ती ओळ शोधूनही सापडत नाही, हे खेदाने सांगावं लागेल.

काही वर्षांनी उतारांवर गवत-झाडं येतात, बारीक माती धुऊन गेलेली असते, मोठे दगड एकमेकांत अडकून बसतात. मग लोंढे कमी होतात. कमी होतात, संपत नाहीत. वेनचुआन परिसरात भूकंपानंतर अकरा वर्षांनी, २० ऑगस्ट २०१९ ला, पुन्हा मोठे लोंढे आले.

तिसरा टप्पा: नदीचा तळ वर येतो

नदी आपल्याकडे आलेला गाळ चाळून नेते. चिकणमाती आणि बारीक रेती पाण्यात तरंगत काही वर्षांत समुद्राकडे जाते. जाडी रेती आणि गोटे तळाशी घरंगळत जातात, पुरापुरते, एका वर्षात काही किलोमीटर. घराएवढे धोंडे तिथेच राहतात. वेनचुआननंतर नद्यांतला तरंगता गाळ कित्येक पटींनी वाढला, तरी दहा वर्षांनंतरही दरडींचा बहुतांश माल उतारांवर आणि घळींतच होता. जाडा माल उतार कमी झाला की बसतो. डोंगर संपून दरी रुंद होते तिथे, म्हणजे नेमक्या ज्या सपाट जागी बाजार, शाळा, बसस्थानक आणि हॉटेलं असतात तिथे.

तळ वर आल्याचा परिणाम किती, हे एका कल्पित नदीवर करून पाहू. पात्र ८० मीटर रुंद, काठापर्यंत ५ मीटर खोल, उतार ५०० मीटरला १ मीटर, तळ गोट्यांचा. अभियंते वापरतात त्या मॅनिंगच्या सूत्राने काठ भरून वाहताना ही नदी सेकंदाला सुमारे १,३८० घनमीटर, म्हणजे जवळपास ४९ हजार क्युसेक वाहून नेते. आता तळाशी दीड मीटर गाळ बसला आणि काठ तेवढेच राहिले. खोली साडेतीन मीटर. नवा आकडा ७८०, म्हणजे साडेसत्तावीस हजार क्युसेक. खोली तीस टक्के घटली, वहनक्षमता चव्वेचाळीस टक्के. कारण पाणी उथळ झालं की त्याचा वेगही पडतो, दोन्ही बाजूंनी तोटा. पूर्वी जो विसर्ग काठाच्या आत राहायचा तो आता गावात येतो, आणि पर्जन्यमापकावर मात्र काही वेगळं दिसत नाही.

इथे एक व्यावहारिक चूक जवळजवळ नेहमी होते. नदीवरच्या मापनकेंद्रात पाण्याची पातळी मोजतात आणि तिच्यावरून, जुन्या कोष्टकातून, विसर्ग काढतात. तळ वर आला की तीच पातळी कमी पाण्यालाही गाठली जाते. कोष्टक न बदलल्यास केंद्र सांगतं की विसर्ग ४९ हजार क्युसेक आहे, प्रत्यक्षात असतो साडेसत्तावीस हजार. उलट धरणातून पाणी सोडताना, 'इतक्या विसर्गाला खालच्या गावाला धोका नाही' असं जुनं कोष्टक म्हणतं आणि गावात पाणी शिरतं. भूकंपानंतर आणि पुढच्या प्रत्येक पावसाळ्यानंतर पात्राचे आडवे छेद पुन्हा मोजायला हवेत, अरुंद दरीत दर दोनशे ते पाचशे मीटरला एक, आणि प्रत्येक पुलाच्या वर-खाली हमखास.

आसामचं १९५० नंतरचं उदाहरण सगळ्यांत मोठं. भूकंपाने सुटलेला माल अब्जावधी घनमीटरांत मोजला गेला. दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचा तळ सुमारे तीन मीटर वर आला. पात्र उथळ झालं तशी नदी आडवी पसरली, काठ खायला लागली. पुढच्या तीन-चार वर्षांतच दिब्रुगड शहराचे भाग नदीत गेले आणि शहर वाचवायला दगडी धक्के आणि बांध घालावे लागले. गाळाची ती लाट मग दशकानुदशकं खाली सरकत राहिली, बांगलादेशापर्यंत. ज्या गावाला भूकंप जाणवलाही नव्हता त्याचा काठ वीस वर्षांनी त्या भूकंपाने ढासळत होता.

लाट पुढे गेल्यावरही सुटका नसते. मागून येणारा गाळ कमी झाला की नदी साठलेल्या थरात पुन्हा खाली कापत जाते. त्या वेळी जे पूल गाळाच्या उंच तळावर भरवसा ठेवून बांधलेले असतात त्यांचे पाये उघडे पडतात. पहिल्या दहा वर्षांत पुलाखालून पाणी जायला जागा उरत नाही, आणि नंतर पुलाखालची जमीनच जाते. नवा पूल बांधताना पायाची खोली भूकंपाआधीच्या तळावरून काढावी आणि पुलाच्या तुळयांची उंची भूकंपानंतरच्या तळावरून. दोन्ही आकडे एकाच पाहणीतून घेतले की पूल दोन्हीकडून फसतो.

तळ वर येण्याचा परिणाम कळायला भूकंपच लागतो असं नाही. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ ला दक्षिण ल्होनक हिमतलाव फुटून तिस्ता-३ धरण वाहून गेलं. तिस्तेचा तळ काही मीटर वर आला आणि पुढच्याच पावसाळ्यात तिस्ता बाजार परिसरात पुन्हा पुन्हा पाणी शिरलं. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहाजवळ कोसीचा काठालगतचा पूरबांध फुटला तेव्हा नदीत सुमारे १ लाख ४४ हजार क्युसेक पाणी होतं. बांधांचा आराखडा साडेनऊ लाखांसाठीचा होता. दोन्ही काठांवरच्या बांधांमधे दशकानुदशकं गाळ साचत गेला, देखभाल ढिली पडली, आणि आराखड्याच्या सहाव्या हिश्शाच्याही आतल्या पाण्याने बांध गेला. नेपाळमध्ये मेलमची नदीला १५ जून २०२१ ला आलेल्या पुरातही हेच दिसलं. काठमांडूला पाणी देणाऱ्या प्रकल्पाचं मुख नुकतंच सुरू झालं होतं, ते गाळाखाली गेलं, मेलमची बाजारात घरांचे खालचे मजले पुरले गेले. तिथे हिमनद्यांचा जुना गाळ, वरच्या भागातला पाऊस, दरडी आणि २०१५ च्या भूकंपाने सैल झालेले उतार अशी सगळीच कारणं एकत्र आली, एकावर खापर फोडणं बरोबर नाही.

एक वेगळा, दुर्मीळ प्रकार. कधी भूकंपाचा भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकतो ती रेषा, थेट नदीखालूनच जातो. न्यूझीलंडमध्ये कायकोऱ्याच्या नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपात जमीन काही ठिकाणी आठ मीटर उचलली गेली आणि क्लॅरेन्स नदीला जुनं पात्र सोडून शेतांतून नवी वाट काढावी लागली. गाळ साचायची वाट पाहायचं कारणच पडलं नाही.

आपल्या सह्याद्रीचं काय?

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ६.३ तीव्रतेचा होता. आसामचा ८.६. तीव्रतेच्या प्रमाणात एक अंक म्हणजे ऊर्जेत सुमारे बत्तीस पट, त्या हिशेबाने दोघांत २,८०० पटींचा फरक पडतो. सह्याद्रीत खोऱ्यांची खोरी भूकंपाच्या दरडींनी भरून जातील अशी भीती बाळगायचं कारण नाही, आणि मुंबईच्या नाल्यांशी तर याचा काडीचा संबंध नाही.

पण या लेखातला दुसरा अर्धा भाग, गाळाने पूर वाढण्याचा, कोकणात तसाच्या तसा लागू पडतो, फक्त माल भूकंपाऐवजी पाऊस सोडतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाल्यावर वाशिष्ठीतला गाळ काढायचं काम हाती घेतलं गेलं ते म्हणूनच. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी लाल पूररेषा आखली जाते. दोन्ही रेषा आखल्या त्या दिवशीच्या पात्रासाठी असतात. तळ दीड मीटर वर आला की निळ्या रेषेचं पाणी लालकडे सरकतं, कागदावरची रेषा मात्र तिथेच राहते आणि बांधकाम परवाने तिच्यावरच निघत राहतात. मोठी दरड पडलेल्या कोकणातल्या खोऱ्यात पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत छेद मोजून रेषा तपासणं हे फार खर्चाचं काम नाही.

तिकडे जाणाऱ्यांसाठी

दर उन्हाळ्यात मुंबईतून चारधाम, सिक्कीम, हिमाचल आणि नेपाळकडे हजारो माणसं निघतात. तिथे मुक्कामाची जागा निवडताना नदीकडे तोंड केलेल्या खोलीपेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली, इमारत घळीच्या तोंडाशी पसरलेल्या दगडांच्या उतरत्या पंख्यावर आहे का. हॉटेलच्या आवारात डोक्याएवढे गोल-टोकेरी दगड चिखलात मिसळून विखुरलेले असतील, तर ते लोंढ्यानेच आणलेले असतात. दुसरी, नदीच्या पलीकडच्या काठावर समोरच घळ आहे का. यिंगश्यूला पाणी समोरच्या घळीमुळे आलं होतं. अलीकडे त्या भागात भूकंप झाला असेल, किंवा मोठी दरड किंवा तलावफुटी झाली असेल, तर गावाची जुनी पूरखूण विचारून समाधान मानू नये. पूल बघावा. पुलाच्या तुळयांखाली उन्हाळ्यातही माणूस वाकून जाईल इतकीच जागा उरली असेल, तर तळ वर आलेला आहे.

हादरे बसल्यावर किंवा जोराच्या पावसात नदी एकदम आटली, तर वर ती कुठेतरी अडलेली आहे असं धरून चालावं. मासे गोळा करायला किंवा फोटो काढायला पात्रात उतरणारे लोक दर वेळी असतात. त्या वेळी स्थानिक ठाण्याला कळवून, नदीच्या दिशेने वर-खाली न पळता, काठाला काटकोनात डोंगराकडे चढत जावं. लोंढ्याआधी पाणी अचानक गढूळ होतं, त्यात तुटलेली झाडं यायला लागतात, आणि दगडावर दगड आपटल्याचा घरघराट दरीत ऐकू येतो. तेव्हा गाडी काढायला पुलाकडे जाऊ नये, पलीकडे जायच्या नादात पूल ओलांडू नये. ज्या काठावर आहोत त्याच काठाने, घळीपासून बाजूला सरकत, निदान तीस-चाळीस मीटर उंची गाठावी आणि पाणी उतरल्यावरही लगेच खाली येऊ नये, कारण घळीतून दुसरा लोंढा बऱ्याचदा तासाभरात येतो.